‘येतो’ नव्हे, ‘येते’

वरवट बकाल,
१६ जून २०२४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तुम्हाला ओळख सांगायची गरज नाही, तरी सांगते. दहावीत एकदा नापास झालेली आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही विहारात संध्याकाळी शिकवून काढलेली ती धम्मशीला. आता गावातच अंगणवाडी सेविका आहे. म्हणजे मीही बाईच झाली, पण माझी पोरं अजून नाक पुसायला शिकतात.

तुम्हाला फोन खूपदा केला. दर वेळी अविनाशदादा उचलतात आणि आई झोपली आहे म्हणतात. तुम्ही आणि दिवसा झोप? तुम्हाला शाळेत खुर्चीवर बसलेलंसुद्धा आम्ही कधी पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. तुम्हालाही पत्रच आवडते.

कारण असं आहे बाई. दहावीचा निकाल लागला आणि आपल्या वस्तीतल्या तीन पोरी गेल्या. इंग्रजीत गेल्या असत्या तर समजून घेतलं असतं. गणितात गेल्या असत्या तरी चाललं असतं. मराठीत गेल्या. घरात, शेतात, भांडणात जी बोलतात त्याच भाषेत नापास. मला रडावं की हसावं कळेना.

तुम्ही रिटायर झाल्यावरही घरी बसल्या नाहीत, विहारातला संध्याकाळचा फुकट वर्ग रोज चालूच ठेवला. मग काका गेले आणि दादा तुम्हाला पुण्याला घेऊन गेले. तेव्हापासून विहाराचं दार पौर्णिमेला आणि जयंतीलाच उघडते. अंगणवाडीतून घरी येताना मी रोज त्या कुलपाकडे पाहतो आणि लाज वाटते.

बाई, परत या. आमच्या घरी राहा. सहदेव समोरची खोली तुमच्यासाठी रिकामी करून देणार आहे. तुम्ही येईपर्यंत मी मला जमेल तसा वर्ग उघडते. पण पोरींना तुम्हीच पाहिजे. खरं सांगू, पोरींपेक्षा मला पाहिजे.

पाणी अजून खारंच आहे, त्याची तयारी ठेवा.

तुमची,
धम्मशीला

◦

पुणे,
५ जुलै २०२४

चि. सौ. धम्मशीला हिस मंगल आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ते सोबत परत पाठवत आहे. लाल शाईने खुणा केल्या आहेत, ते शब्द दहा दहा वेळा लिहून काढ. ‘कुलपाकडे पाहतो’ म्हणजे काय? मिशा फुटल्या का तुला? पुरुष पाहतो, बाई पाहते. दार ‘उघडते’ नव्हे, ‘उघडतं’. ‘मीही बाईच झाली’ नव्हे, ‘झाले’. ‘विहार’ तर तू साफ चुकीचा लिहिला आहेस, तो कसा लिहायचा ते वर लिहून दिलं आहे. बाकी हस्ताक्षर सुधारलं आहे तुझं.

तुला वाटत असेल, म्हातारी अजून तशीच खाष्ट आहे. खाष्टपणाचं कारण मी तुम्हा मुलींना कधी सांगितलं नाही. नोकरीसाठी खामगावला मुलाखत होती. माहेराहून, सोनाळ्याहून उपाशीच गेले होते, घसा कोरडा पडला होता, आणि तोंडातून निघून गेलं, ‘मले पाणी पाहिजे.’ टेबलामागची तिन्ही माणसं हसली. त्यातल्या एकाने दुसऱ्याला ‘मले’ असं हेल काढून म्हणून दाखवलं. नोकरी मिळाली, पाणी काही मी प्यायले नाही. परत येताना एस.टी.त ठरवलं की माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीवर असं कोणी हसणार नाही. त्यानंतर मी घरातसुद्धा तशी बोलले नाही. अविनाशच्या कानावर ती भाषा मी पडू दिली नाही.

यापुढे फोन करू नकोस. फोनवर समोरचा माणूस घाई करतो आणि शब्द वेळेवर सापडत नाहीत. पत्राला वेळ लागला तरी कोणी बघत नाही.

मी येणार आहे. अविनाशला अजून सांगितलेलं नाही, कारण तो नको म्हणेल. दिवाळी झाली की येते. सून चांगली आहे, सुवर्णा तिचं नाव, हातात चहा आणून देते. पण इथलं पाणी इतकं गोड की चहा अळणी लागतो. इथे माझा कोणाला उपयोग नाही. मला पुन्हा एकदा फळ्यासमोर उभं राहायचं आहे, धम्मशीला. लवकर राहायचं आहे.

वर्ग उघड. माझी वाट बघत बसू नकोस.

तुझ्या बाई,
वंदना

◦

वरवट बकाल,
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

लाल शाई पाहिली आणि पंचवीस वर्षं मागे गेले. सगळे शब्द दहा दहा वेळा लिहिले. सहदेव म्हणतो, तुले नवऱ्याची इतकी भीती असती तर बरं झालं असतं.

वर्ग उघडला. पहिल्या दिवशी मोजक्याच पोरी आल्या, आता बसायला चटई पुरत नाही. नापास झालेल्या तिघीही येतात. आठवीतली समता म्हणून एक आहे, तुम्हाला भेटलीच पाहिजे. तिला काहीही विचारा, ‘मले’ शिवाय वाक्य सुरू होत नाही. मी म्हणते, मला म्हण. ती म्हणते, तुमाले म्हणून राह्यली ना मी. आता याला काय करावं?

दारावर नवीन बोर्ड लावला. ‘संध्याकाळचा अभ्यासवर्ग, बुद्ध वीहार, वरवट बकाल.’ पेंटर ‘वि’ची वेलांटी ऱ्हस्व काढत होता. मी तुमचं पत्र दाखवून दीर्घ काढायला लावली. तो म्हणाला, जयंतीच्या बॅनरवर तर जन्मभर ऱ्हस्वच काढत आलो. मी म्हटलं, जन्मभर चुकत आलास. हायस्कूलचे एक सर रस्त्यानं जाताना थांबले आणि हसले. त्यांनी मोबाईलवर शब्दकोश काढून दाखवला, त्यातही ऱ्हस्वच होती. मी त्यांना म्हटलं, सर, आमच्या वंदनाबाईंनी लाल शाईनं लिहून दिलं आहे. शब्दकोशात छपाईची चूक असू शकते.

बाई, नियम तेवढा एकदा कळवा, म्हणजे त्यांचं तोंड बंद करता येईल.

दिवाळीची वाट बघते. बघतो नाही, बघते.

तुमची,
धम्मशीला

◦

पुणे,
६ ऑक्टोबर

चि. धम्मशीला,
आशीर्वाद.

तू वर्ग उघडलास की नाही ते काही कळवलं नाहीस. उघड आता. मुली वाट बघत असतील.

प्रत्येकीला फळ्यापाशी बोलव. तिच्या हातात ते दे. ते पांढरं असतं. हाताला लागतं, पुसलं की धूर उडतो त्याचा. तेच ते. ते हातात आलं की मुलीची भीती जाते.

गाडी कुठून सुटते ते लिहून पाठव. शेगावला उतरायचं की खामगावला? मी पिशवी भरून ठेवली आहे, पलंगाखाली. इथं मले कोणी काही सांगत नाही. मले घरी जायचं आहे म्हटलं की सगळे म्हणतात, हेच घर आहे.

सध्या लिहायला फार वेळ लागतो. हे पत्र चार दिवस लिहीत आहे. तू लिहीत जा.

बाई

◦

वरवट बकाल,
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. दोन वेळा ‘मले’. वंदनाबाईंच्या हातचं ‘मले’. समता तर उभीच राहिली, म्हणाली, पाहा, बाई बी म्हणतात. मी म्हटलं, आपल्याला खूश करायला लिहिलं त्यांनी, येण्याआधी लाड करून राहिल्या. बाई, तुम्ही इतक्या मऊ झाल्या असाल असं वाटलं नव्हतं. मी रात्रभर त्याच आनंदात होते.

माझं मागचं पत्र पोस्टात हरवलं दिसतं. वर्ग ऑगस्टपासून छान सुरू आहे.

तुमचं कोडं पोरींना घातलं. पांढरं असतं, हाताला लागतं, पुसलं की धूर उडतो, हातात आलं की भीती जाते. एक म्हणाली पीठ, एक म्हणाली कापूस. समतानं बरोबर ओळखलं, खडू. आता आमच्याकडे रोज तास संपला की एक कोडं असतं. तुम्ही नसतानाही वर्गात तुमची चाल चालते.

गाडीचं म्हणाल तर पुण्याहून शेगावला उतरा, सहदेव घ्यायला येईल. खोलीला चुना दिला आहे. खिडकीतून वीहार दिसतो. पोरींना मी सांगून ठेवलं आहे की दिवाळीनंतर मी मागच्या रांगेत बसणार आणि बाई शिकवणार. कापूस वेचायला जातात त्या पोरीसुद्धा म्हणतात, बाई येतील त्या दिवशी लवकर सुट्टी घेऊ.

आता फक्त तारीख कळवा.

तुमची,
धम्मशीला

◦

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२४

धम्मशीलाताई,
सप्रेम जय भीम.

मी अविनाश. तुमची पत्रं आईच्या उशाखाली सापडली, ती मी वाचली. त्याबद्दल माफ करा.

आई येऊ शकणार नाही. गेली दोन वर्षं तिची स्मृती जात आहे. सगळ्यात आधी तिचे शब्द जाऊ लागले. वस्तू समोर असते, काय करायची ते तिला माहीत असतं, पण नाव येत नाही. खडूचं तिने कोडं घातलं नव्हतं, ताई. तिला तो शब्द आठवत नव्हता. फोनवर मी ‘झोपली आहे’ म्हणायचो, कारण कोणाशी बोलताना अडकली की ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची.

दिवाळीत ती घरातून निघून गेली. स्वारगेटला सापडली, मांडीवर पिशवी घेऊन, वरवटची गाडी किती वाजता म्हणून प्रत्येकाला विचारत होती. वर्तमानपत्र आलं की लाल पेन घेऊन बसते आणि चांगले बरोबर शब्द खोडते. तुमच्या बोर्डाचं वाचलं तेव्हा मला रडू आलं. ‘विहार’ ऱ्हस्वच आहे. तुम्ही तो बदलून घ्या.

आणखी एक सांगतो. ती आता सुवर्णाशी आणि माझ्याशी भलत्याच भाषेत बोलते. मले, तुले, काऊन. आमच्या घरात ती भाषा कधी नव्हती. माझी आई बोलते आणि मला तिचं निम्मं कळत नाही. डॉक्टर म्हणतात, शेवटी शिकलेलं आधी जातं आणि लहानपणचं मागे राहतं.

तुम्ही तिला या, या असं लिहिता आणि ती पुन्हा पिशवी भरते. कृपा करून आता तिला पत्र लिहू नका.

आपला,
अविनाश

◦

वरवट बकाल,
२ डिसेंबर २०२४

अविनाशदादा,
जय भीम.

तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस वर्ग घेतला नाही. पोरींना डोकं दुखते म्हणून सांगितलं. बाई घरी जायचं म्हणत होत्या आणि मी टाळ्या वाजवून घेतल्या. मला माझीच घृणा वाटली.

पण दादा, तुम्हालाही रागानं सांगते. ती भलती भाषा नाही. ती तुमच्या आजीची भाषा आहे. सोनाळ्याला गल्लीत उभे राहा, कोणतंही पोरगं तुम्हाला तिचा अर्थ सांगेल. बाई जे बोलतात ते तिथं कोणाला कळत नाही म्हणता, इथं सगळ्या गावाला कळते. मग त्यांनी कुठं असावं?

ठेवून घ्या म्हणत नाही. तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला औषधं, दवाखाना सगळं पाहायचं आहे. एकदा आणा. एका संध्याकाळपुरतं. त्यांना फळ्यासमोर उभं राहायचं होतं, त्यांनी मला जुलैतच लिहिलं होतं, लवकर राहायचं आहे. ‘लवकर’ काऊन लिहिलं, ते मला आता कळलं. त्यांना तेव्हाच माहीत होतं.

पत्र लिहू नको म्हणता, ते मी ऐकणार नाही.

धम्मशीला

◦

माय,

मले शाळेत जाचं हाय. मी येतो. मले घ्याले ये. अथी पानी गोड हाय. मी रडत नाई.

वंदना

(धम्मशीलाताई, हे आईने काल तुमच्यासाठी म्हणून लिहिलं आणि पत्ता तुमचाच सांगितला. मी आणतो तिला. ८ फेब्रुवारीला संध्याकाळी पोहोचू, दुसऱ्या दिवशी निघू. — अविनाश, २१ जानेवारी २०२५)

◦

वरवट बकाल,
१३ फेब्रुवारी २०२५

बाई,
जय भीम.

हे पत्र मी आपल्या बोलीत लिहून राह्यलो, त्यात बाई बी ‘पाहतो’च म्हणते. लाल शाई मारायची असंन तर मारा. तुम्ही आल्या होत्या ते तुमाले आठवणार नाई, म्हणून लिहून ठेवतो. दादा वाचून दाखवतील. त्याइले ‘मले’ नीट म्हणता येत नाई, तेवढं चालवून घ्या.

शनिवारी दिवस बुडाच्या आधी तुम्ही गाडीतून उतरल्या. बारीक झाल्या तुम्ही. मले ओळखलं नाई. पण विहाराच्या पायरीजवळ आल्यावर तुम्ही चपला काढल्या, कोणी सांगलं नाई. दारावरच्या बोर्डाकडं पाह्यलं आन् मान हलवली, बरोबर हाय म्हणून. त्या दीर्घ ‘वी’साठी विहार समितीवाले आठ दिवस झाले माह्या पाठी लागले होते, बदल म्हणून. आता कोणी नाव काढत नाई.

पोरी उभ्या राह्यल्या, जय भीम बाई म्हनल्या. मी तुमच्या हातात खडू देला. तुम्ही फळ्याकडं तोंड केलं आन् उभ्याच राह्यल्या. हात वर नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. आमाले तुमची पाठ दिसत होती फक्त. दादा दारात होते, ते बाहीर गेले. मले वाटलं, मी हे काऊन केलं, बाईची अशी शोभा मी काऊन मांडली.

मंग समता उठली. तिले मी सगळं सांगून ठेवलं होतं, तरी उठली. म्हने, “बाई, मले फळ्यावरचं दिसत नाई.” फळ्यावर तं काहीच नव्हतं. तिनं मुद्दाम ‘मले’ म्हनलं बाई, तुम्ही रागावल्या पाहिजे म्हणून. जुन्या बाई बाहीर याव्या म्हणून.

तुम्ही वळल्या. तिच्याकडं पाह्यलं. अन् म्हनलं, “मले बी नाई दिसत, पोरी.”

कोणी हासलं नाई. तुम्ही खडू माह्या हातात देला, आन् समोर चटईवर समताच्या बाजूनं जाऊन बसल्या, मांडी घालून. मी शिकवलं. काय शिकवलं ते मले बी आठवत नाई. तुम्ही एकसारख्या माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या.

शेवटी हजेरी घेतली. सगळ्याइची नावं झाल्यावर तुम्ही हात वर केला. म्हनलं, “माहं नाव नाई घेतलं.” मी म्हनलं, “वंदना.” तुम्ही उठून उभ्या राह्यल्या, पदर सारखा केला आन् म्हनलं, “हजर.”

त्या रातच्याले तुम्ही आमच्या घरचा चहा पेल्या, खाऱ्या पान्याचा. पहिला घोट घेतला आन् डोळे मिटले. दुसरा कप मागतला. दादा म्हने, पुन्यात आई अर्धा सुद्धा पेत नाई.

सकाळी तुम्ही गाडीत बसल्या. पोरी रस्त्यावर आल्या होत्या. तुम्ही काचेतून हात बाहीर काढला, माहा हात धरला आन् म्हनलं, “जातो मी.”

बाई, आपल्याकडं निघतानी कोणी ‘जातो’ म्हणत नाई. लेकराच्या तोंडातून निघालं तरी त्याले थांबवतात. सहदेव मांगं उभा होता, तो दचकला. मी जल्मात तुमची चूक काढली नाई. बोर्ड चुकवला, पण तुमची चूक काढली नाई. त्या दिवशी मले काढा लागली. मी खिडकीशी वाकली आन् म्हनलं, “बाई, जातो नाई म्हणत. येतो म्हणा.”

तुम्ही शहान्या पोरीवानी माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग हळूच म्हनलं, “येतो.”

‘तो’चा ‘ते’ मी केला नाई.

तुमची,
धम्मशीला